भांडायला कोणी आहे का?

जपानला शिकायला निघालेल्या मुलाला नातेवाईक तीन गोष्टींची भीती घालतात: भूकंप, कच्चा मासा आणि लिपी. तिन्हींत फारसा दम नाही. भूकंपाची सवय होते. कच्चा मासा कोणी नाक दाबून खायला घालत नाही. लिप्यांचं म्हणाल तर हिरागाना आणि काताकाना महिन्याभरात येतात, कारण त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंमार्फत संस्कृतातूनच तिकडे पोचलेला. आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना. उरल्या त्या कांजी, म्हणजे चिनी चिन्हं. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत त्या २१३६ आहेत. त्या येत नाहीत, आणि येणार नाहीत हे एकदा मनाशी मान्य केलं की त्यांचीही भीती राहत नाही.

खरी अडचण मात्र कोणीच सांगत नाही. जपानमध्ये भांडायला माणूस मिळत नाही.

मी वाढलो पुण्यात, शनिवार पेठेत. आमच्याकडे माणूस सकाळी घराबाहेर पडून संध्याकाळी परत येईपर्यंत चार ठिकाणी आवाज चढवतो, त्यांतल्या दोन ठिकाणी जिंकतो आणि रात्री शांत झोपतो. रिक्षावाला आहे, सुटे नाहीत म्हणून गोळ्या देणारा वाणी आहे, बँकेतला जेवणाच्या सुट्टीचा बोर्ड आहे. क्योटोला शिकायला आल्यापासून माझी ही सगळी कमाई पडून आहे.

जपान सरकारला परदेशी विद्यार्थी हवे आहेत, यात शंका नाही. २००८ मध्ये त्यांनी ठरवलं की २०२० पर्यंत तीन लाख विद्यार्थी आणायचे. २०१९ च्या मे महिन्यात मोजले तर ३,१२,२१४ भरले. जपानी माणसाने काम मुदतीआधी संपवलं यात नवल नाही. आता २०३३ पर्यंत चार लाखांचं ठरलं आहे. या आकड्यात चिनी, नेपाळी आणि व्हिएतनामी विद्यार्थ्यांचाच भरणा मोठा. भारतीय मूठभर आणि मराठी चिमूटभर. म्हणजे भांडणासाठी आपल्यातलाच एखादा गाठावा म्हटलं तर तोही टोकियोला राहत असतो.

आल्याआल्या विमानतळावर रहिवासी कार्ड मिळतं. राहायची जागा ठरली की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथे पहिला पेच नावाचा. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि कार्डावर ते सगळं एका ओळीत उतरतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. जपानी माणसाकडे आडनाव आणि नाव एवढंच सामान असतं. त्यामुळे समोरच्याला ओळीतला जो शब्द उच्चारायला सोपा वाटेल तो माझा होतो. माझ्या बाबतीत तो वडिलांचा आहे. वडील शनिवार पेठेत पेपर वाचत बसलेले असतात, क्योटोत दातांच्या दवाखान्यात त्यांच्या नावाला ‘सान’ लावून पुकारा होतो आणि तोंड मी उघडतो. बिल मात्र रास्त. राष्ट्रीय आरोग्य विम्यात विद्यार्थीही येतो आणि खर्चाचे तीस टक्केच आपण द्यायचे असतात. तेव्हा वडिलांचीही तक्रार नाही.

मग बँक. फोन नंबर असल्याशिवाय खातं उघडत नाहीत आणि खातं असल्याशिवाय फोन मिळत नाही. शिवाय येऊन सहा महिने झाले नसतील तर परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे तुम्ही जपानमध्ये असूनही ‘अनिवासी’ असता. हे ऐकल्यावर माझी कानशिलं तापली. म्हटलं, आली संधी. मी खुर्ची पुढे ओढली. काउंटरवरचा तरुण उभा राहिला, कमरेत वाकला, आत जाऊन तिघांशी बोलला, परत आला, पुन्हा वाकला आणि या नियमामुळे मला होणाऱ्या त्रासाबद्दल त्याने माफी मागितली. मग दोन्ही हातांनी एक छापील कागद दिला. त्यावर तोच नियम इंग्रजीत होता. मी तोंड उघडायच्या आत तो तिसऱ्यांदा वाकला. आता याच्यावर ओरडायचं कसं? डोक्याच्या मागच्या बाजूला बघून कोणाचा आवाज चढतो?

खोली मिळवायची तर जामीनदार लागतो किंवा जामीन राहणारी कंपनी. अनामत असते, ती थोडी कापून परत मिळते. शिवाय ‘रेइकिन’ असतं. म्हणजे घरमालकाने आपल्याला घरात घेतलं याबद्दल त्याला द्यायचं नजराण्याचं पाकीट, जे परत मिळत नाही. गिरगावात वाढलेल्या माझ्या मामाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “हात मेल्या, पागडी म्हण की.” माझी खोली सहा ‘जो’ची आहे. इथे खोली चटयांत मोजतात. सहा चटया म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. तेवढ्यात झोपणं, अभ्यास, स्वयंपाक आणि धुतलेले कपडे. कपडे वाळत असले की अभ्यास होत नाही, हे मी गाइडनाही सांगितलेलं आहे.

पण परदेशी विद्यार्थ्याचा खरा कस लागतो तो कचऱ्यात. शिकोकू बेटावर कामिकात्सू नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. क्योटो त्या मानाने उदार. जळणारा कचरा पिवळ्या पिशवीत, बाटल्या आणि डबे पारदर्शक पिशवीत, प्लास्टिक वेगळ्या पारदर्शक पिशवीत. पिशव्या महापालिकेच्याच घ्यायच्या. पिवळी पिशवी लिटरला एक येन या भावाने. ४५ लिटरची पिशवी ४५ येनला. स्वतःचा कचरा विकत घेतलेल्या पिशवीतून टाकायचा, ही कल्पना पचायला मला दाशीपेक्षा जड गेली. दाशीकडे पुढे येतो.

पिशव्या ठरल्या दिवशी सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर ठेवायच्या आणि वर जाळी ओढायची. जाळी कावळ्यांसाठी. इथले कावळे आकाराने आपल्या कावळ्यांच्या दीडपट आहेत आणि जाळीचं टोक चोचीत धरून मागे खेचण्याचं शिक्षण त्यांना कुठून मिळतं कोण जाणे. त्यांना बहुतेक शिष्यवृत्ती असावी.

आमच्या इमारतीत एक ब्राझीलचा विद्यार्थी राहतो. त्याने एकदा पिवळ्या पिशवीत बाटल्याही टाकल्या. कचऱ्याची गाडी आली, सगळ्या पिशव्या गेल्या, त्याची तेवढी राहिली. वर कारण सांगणारा एक स्टिकर. बस्स. ओरडा नाही, दंड नाही, दार वाजवणं नाही. पिशवी कोपऱ्यावर एकटी बसून राहिली. गल्लीतली माणसं तिच्या बाजूने जात, तिच्याकडे बघत नसत आणि न बघण्यातून सगळं सांगत. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, टोपी आणि हातमोजे घालून कोपऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. ब्राझीलवाला खाली उतरला. आजी त्याला म्हणाल्या, “आज गारवा छान आहे, नाही?” मग स्वतःच्या पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. झाकण फिरवून काढलं. झाकण एकीकडे. बाटलीवरच्या लेबलाची कड नखाने शोधली, सावकाश, त्याला दिसेल अशी, आणि लेबल सालीसारखं उतरवलं. लेबल दुसरीकडे. बाटली विसळलेली होतीच. ती पायाखाली दाबून चपटी केली. “दुपारी ऊन पडेल बहुतेक,” असं म्हणून आजी घरी गेल्या. त्या दिवसापासून तो गडी बाटल्या आमच्यापेक्षा स्वच्छ धुतो.

पुण्यात हे काम दोन मिनिटांत आणि तीन वाक्यांत झालं असतं, आणि दोन्ही बाजूंना मोकळं वाटलं असतं.

गणपतीत कचऱ्याने माझ्यापुढे धर्मसंकट उभं केलं. मूर्ती शाडूची, हातभरही नाही, विसर्जन बादलीत आणि माती कुंडीत, तेवढं सुटसुटीत. पण निर्माल्य? कामो नदी दोन पावलांवर, पण तिच्यात पाकळीसुद्धा टाकायची माझी छाती नाही. महापालिकेच्या कचऱ्याच्या पुस्तिकेत केराच्या टोपलीपासून बाहुलीपर्यंत सगळं आहे, निर्माल्य नाही. अखेर दूर्वा, जास्वंद मिळाली नाही म्हणून आणलेली शेवंती आणि केवड्याऐवजीचं काहीतरी, हे सगळं नमस्कार करून पिवळ्या पिशवीत भरलं. आईला सांगितलं, इथे निर्माल्य अग्नीला देतात. खोटं काहीच नाही.

तसा बाप्पा इथे परका नाही. त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, त्याच्या मूर्ती बहुधा दडवून ठेवलेल्या असतात आणि भक्तांना दिसत नाहीत. टोकियोत आसाकुसाला मात्सुचियामा शोदेन म्हणून त्याचं देऊळ आहे, तिथे त्याला नैवेद्य म्हणून चक्क पांढरे मुळे वाहतात. आपल्याकडे जो देव एकवीस मोदकांखाली ऐकत नाही, तो तिकडे मुळ्यावर खूश आहे. क्योटोत मात्र गिओनच्या बाजूला जुन्या मिठाईच्या दुकानात ‘कांकिदान’ मिळतो. आत गोड सारण, सात प्रकारची सुगंधी द्रव्यं, वर पाकळ्यांचं तोंड आवळलेलं, आणि तिळाच्या तेलात तळलेला. हजारेक वर्षांपूर्वी चीनमार्गे आलेला हा आपला तळणीचा मोदकच. चवीला मात्र पहिला घास घेताना देवघरात तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटतं. दुकानातल्या बाईंना मी सांगितलं की हा आमच्या गावचा पदार्थ आहे. त्यांनी ते आनंदाने मान्य केलं. कोकणस्थ आणि देशस्थ आमटीवरून पिढ्यानपिढ्या वाद घालतात, आणि या बाईंनी हजार वर्षांचा वारसा दोन मिनिटांत सोडून दिला.

आता दाशी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे हे पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचे कीस उकळून काढतात. मिसो सूपमध्ये ते, भाजीत ते, नूडल्सच्या रश्शात ते. माझा एक शाकाहारी मित्र उपाहारगृहात दर वेळी विचारतो, यात मासा आहे का? उत्तर मिळतं, छे, अजिबात नाही. आणि ते खरं असतं. मासा नसतोच, माशाचं पाणी असतं. त्याने वर्षभर असे प्रामाणिक गैरसमज पोटात घातल्यावर स्वतःचा कुकर मागवला. मी सर्वभक्षक असलो तरी चतुर्थी पाळतो, आणि तिथे जपानने मला हात दिला. मध्यंतरी इथे तापिओकाचे मोठाले मणी घातलेल्या दुधाच्या चहाची अशी लाट आली होती की गल्लोगल्ली दुकानं निघाली. तापिओका म्हणजे साबुदाणाच. साबुदाणा, दूध, साखर. उपासाला काय हरकत? चहा आम्ही उपासाला पितोच. आईने यावर फोनवर बराच वेळ मौन पाळलं. त्यातल्या त्यात तेवढंच भांडणाच्या जवळ जाणारं.

जेवणाच्या बाबतीत जपानी माणसाच्या भारताबद्दल दोनच ठाम समजुती आहेत: आम्ही रोज करी खातो आणि रोज नान खातो. इथली करी मेइजी काळात इंग्रजांच्या मार्फत आली. घट्ट, तपकिरी, गोडसर, आणि नौदलात दर शुक्रवारी ठरलेली. हिंदुस्थानी पद्धतीची करी टोकियोत रुजवली ती रासबिहारी बोसांनी. इंग्रजांना चुकवून जपानमध्ये आसरा घेतलेला हा क्रांतिकारक शिंजुकूच्या नाकामुराया दुकानाचा जावई झाला आणि १९२७ मध्ये त्या दुकानात त्यांची करी मिळू लागली. नानचं मात्र मला काही केल्या समजावता येत नाही. इथल्या ‘भारतीय’ उपाहारगृहांतली बरीच नेपाळी मंडळी चालवतात आणि ताटाबाहेर हातभर लोंबणारा नान देतात. आमच्या घरी तंदूर नाही, आम्ही पोळी खातो, पोळी पातळ असते, हे मी प्रयोगशाळेत सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. आणि माझ्या वाढदिवसाला नान आणला.

खिशाचं गणित मात्र साऱ्या देशांच्या विद्यार्थ्यांचं सारखंच. विद्यार्थी व्हिसावर परवाना काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. त्यामुळे रात्रीच्या जेवणाची खरी वेळ पोट ठरवत नाही, सुपरमार्केटमधला स्टिकरवाला ठरवतो. तयार खाण्याच्या डब्यांवर संध्याकाळी आधी वीस टक्के सवलतीचा स्टिकर लागतो, मग तीस, आणि दुकान मिटायला आलं की अर्ध्या किमतीचा. त्या सुमारास टोफूच्या फळीपुढे दहाबारा माणसं उभी असतात. टोफू कोणालाच घ्यायचा नसतो. सगळे टोफूवरची तारीख वाचत असतात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेंपुराचे डबे राखत असतात. आतून स्टिकरवाला येतो. गर्दी एक पाऊल सरकते, एकच. तो डब्यावर स्टिकर लावतो, हात मागे घेतो. त्याचा हात मागे गेल्याशिवाय कोणी हात पुढे करत नाही. ‘माझ्या डब्यावर लाव’ म्हणणं तर विचारातही बसत नाही.

एकदा कोळंबीच्या शेवटच्या डब्याकडे माझा आणि एका सूटबूटवाल्या गृहस्थाचा हात बरोबरच गेला. दोघांनी बरोबरच मागे घेतला. ते म्हणाले, तुम्ही घ्या. मी म्हणालो, छे छे, तुम्ही. ते वाकले. मी वाकलो. तेवढ्यात मधून एका मुलीने “माफ करा हं” म्हणत तो डबा उचलला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा टोफू वाचायला लागलो. महाराष्ट्रात अशा वेळी दोन अनोळखी माणसं तिसऱ्याविरुद्ध एक होतात आणि जन्माची मैत्री जुळते.

प्रयोगशाळेत तरी वाद होतील अशी आशा होती. शास्त्र म्हणजे शेवटी वादच. दर आठवड्याला ‘झेमी’ असते. एकजण काम सांगतो, बाकीचे ऐकतात, दोघेतिघे डोळे मिटून ऐकतात आणि त्याला कोणी झोप म्हणत नाही. एका झेमीत एका मुलाने आलेख दाखवला. त्यातला उभा अक्ष चुकला होता. मी ते सांगितलं, का चुकला तेही सांगितलं आणि तयारीत बसलो. शांतता. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गाइडनी, चहाच्या कपात पाहिलं. मग त्या मुलाने माझे आभार मानले. सेन्सेईंनी आभार मानले. पुढच्या आठवड्यात आलेख दुरुस्त होऊन आला आणि शेवटच्या पानावर आभारात माझं नाव होतं. वाद उकरून काढावा आणि समोरच्याने ऋणनिर्देश करावा, याला काय म्हणायचं? खरं काय ते नोमिकाईत, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला बसल्यावर, कळतं. तिसऱ्या ग्लासानंतर एक वरिष्ठ विद्यार्थी माझ्या कानाशी येऊन म्हणाला की त्या दिवशी निम्मी प्रयोगशाळा माझ्या मताची नव्हती. मी आनंदाने बाह्या सरसावल्या. पण दुसऱ्या दिवशी तो भेटला तो असं काही बोलणं झालंच नव्हतं अशा चेहऱ्याने. आणि बिल डोकी मोजून वाटलेलं. मी रात्रभर उलोंग चहा प्यालो होतो.

उशिरा पोचल्यावर थापा मारण्याची जी कला आपण शाळेपासून घोटून ठेवलेली असते, तिचंही इथे मातेरं होतं. गाडी उशिरा आली तर रेल्वेच देते उशिराचं प्रमाणपत्र. तेवढा कागद टेबलावर ठेवायचा; पुढे कोणी विचारत नाही. वेळ पाळणं कशाला म्हणतात तेही पाहा. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी ४४ मिनिटं २० सेकंदांनी सुटली. वीस सेकंद लवकर. कोणाची तक्रार आली नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली. म्हणजे भांडणाचं कारण जन्माला यायच्या आतच त्याचं श्राद्ध.

माफीतून रस्तेही सुटत नाहीत. कुठे खणलं असेल तर फलकावर हेल्मेट घातलेला, कमरेत वाकलेला माणूस काढलेला असतो. त्याच्या शेजारी खरा माणूस चमकता दांडा हलवत आपल्याला खड्ड्याच्या बाजूने नेतो, आणि खड्डा संपला की तोही वाकतो. कर्वे रस्त्यावरचे खड्डे ज्याने स्वतःच्या मणक्याने मोजले आहेत, त्याला अशा वेळी काय बोलावं सुचत नाही.

एकट्या छत्रीच्या बाबतीत जपानने मला थोडी जागा दिली आहे. मित्राचं पाकीट बसमध्ये राहिलं, ते पोलीस चौकीत पैशांसकट मिळालं. पण दुकानाच्या दारात ठेवलेली पारदर्शक प्लास्टिकची छत्री? ती जाते. सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात, आणि पावसात माणसाचं चारित्र्य थोडं भिजतंच. छत्री गेल्याचं कळल्यावर मी चौकीत जाऊन दुकानाची, हवामानाची आणि एकूण समाजाची तक्रार मांडणार होतो. पोलिसाने मात्र इतक्या काळजीने छत्रीची लांबी, मुठीचा रंग आणि हरवल्याची वेळ लिहून घेतली की मला त्याचीच दया आली.

टोकियोच्या मराठी मंडळींनी भांडणाच्या या टंचाईवर एक वाट काढली आहे, असं मला वाटतं. एदोगावा भागात निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये तिथल्या वॉर्डसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. निवडणूक म्हणजे सरकारमान्य भांडण. पण इथला प्रचार पाहिल्यावर त्यांच्याबद्दल आदर वाढला. उमेदवार गाडीतून पांढरे हातमोजे हलवत जातो, भोंग्यावरून स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा सांगतो आणि आवाजाबद्दल क्षमा मागतो. प्रतिस्पर्ध्याच्या सात पिढ्यांचा उद्धार नाही की कोपरखळी नाही.

तर अशी सगळीकडून उपासमार चालली असताना एकदा शेजारच्या आजी दारात भेटल्या. बाटलीच्या लेबलवाल्याच. म्हणाल्या, “तुमचे आईवडील अजून किती खणखणीत आहेत हो! ऐकून फार बरं वाटतं.” मी भारावलो. परदेशात कोणी आईवडिलांची एवढी चौकशी करतं? प्रयोगशाळेत कौतुकाने सांगितलं. तिथला क्योटोत जन्मलेला मुलगा जेवता जेवता थांबला. त्याने घड्याळाचं गणित मांडलं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. पुण्यात जेवणं आटोपून साडेनऊला वडील फोन लावतात तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असतो. भिंती लाकडी आणि पातळ. आणि जपान लांब आहे, म्हणून वडील फोनवर मोठ्याने बोलतात. “आजींना झोप येत नाहीये,” तो म्हणाला. क्योटोची ही ख्याती जपानभर आहे म्हणे: इथे तुमच्या मुलीच्या पियानोचं कौतुक झालं की पियानो बंद करायचा असतो.

पुण्यात दारावर पाटी लागली असती: ‘भिंतीला कान आहेत. त्यांनाही झोप हवी असते.’ विषय संपला असता. पण आजींच्या वाक्यात जी धार होती, ती मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. तिच्यात एक शब्द वावगा नव्हता. सदाशिव पेठेतल्या मुरलेल्या माणसालाही ते जमलं नसतं, कारण तो शेवटी मुद्द्यावर येतोच.

मी फोनची वेळ बदलली. पण स्वभाव कुठे बदलतो? आजींना कमी ऐकू येतं आणि त्यांचा टीव्ही पहाटे साडेपाचला सुरू होतो. आठवडाभर वाक्य घोटलं आणि कचऱ्याच्या कोपऱ्यावर त्यांना गाठून म्हणालो, “तुमच्यामुळे माझं जपानी फार सुधारतंय. सकाळच्या बातम्या शब्द न् शब्द कळतात.” आजींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसल्या, वाकल्या आणि जाळी ओढून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे शांतता होती, आणि दाराच्या कडीला पिशवीत त्यांनी घरी घातलेलं मुळ्याचं लोणचं. त्यावर मी चिवडा पाठवला. चिवड्यावर त्यांचं म्हणणं आलं की तो इतका चविष्ट आहे की त्यांच्या वयाला एक चिमूटसुद्धा पुरते. आता पुढच्या वेळी तिखट कमी घालायला हवं.

शेवटी कामाचं. जपानी विद्यापीठांची सत्रं एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात. येत्या खेपेला कोणी मराठी मुलगा किंवा मुलगी क्योटोला येणार असेल तर सामानात गोडा मसाला, मेतकूट आणि एक लहान कुकर आणावा. ताजा कढीपत्ता आणू नये. तो विमानतळावर काढून घेतात, आणि घेणारा अधिकारी इतक्या वेळा माफी मागतो की आपल्यालाच त्याला पाणी द्यावंसं वाटतं. मसाल्याचे पैसे इथे पोचल्यावर देईन. भाव आधीच ठरवू नका. इथे आलात की समोरासमोर बसू आणि चांगली तासभर घासाघीस करू. फक्त रात्री दहाच्या आत.